२७५ विरुद्ध १५३ : ऑक्सफर्डच्या ठरावाची दंतकथा आणि फाडलेली पाने

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारची रात्र. ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेपुढे ठराव होता : 'हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देश यांच्यासाठी लढणार नाही.' भाषणे संपली, मते मोजली गेली. ठरावाच्या बाजूने २७५, विरोधात १५३.

दहाच दिवसांपूर्वी, ३० जानेवारीला, बर्लिनमध्ये हिटलरच्या हाती चॅन्सलरपद आले होते. या दोन तारखांच्या जवळिकीतून एक दंतकथा जन्मली आणि ती अजून जिवंत आहे. ऑक्सफर्डच्या पोरांनी हात वर केले, इंग्लंड आता लढत नाही हे हिटलरने ओळखले आणि पुढचे सारे घडले, अशी ती कथा. विद्यार्थ्यांच्या सभेत अप्रिय काही बोलले गेले की जगभर कुठे ना कुठे हा दाखला दिला जातो.

ही कथा पुराव्यावर टिकत नाही. शिवाय तिच्या गोंगाटात त्याच सभागृहातले दुसरे मतदान झाकले जाते. ते तीन आठवड्यांनी झाले आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे खरे मतदान तेच आहे.

आधी ही संस्था काय आहे ते पाहू. १८२३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी एक वादसभा काढली आणि १८२५ मध्ये तिची नव्याने मांडणी होऊन 'ऑक्सफर्ड युनियन सोसायटी' उभी राहिली. केंब्रिजची युनियन त्याहून जुनी, १८१५ ची. ती १८१७ मध्ये कुलगुरूंच्या हुकमाने बंद पडली आणि १८२१ मध्ये चालू राजकारणावर न बोलण्याच्या अटीवर पुन्हा उघडली. विद्यार्थ्यांनी राजकारण बोलावे की नाही, हा प्रश्न वादसभांइतकाच जुना आहे.

ऑक्सफर्ड युनियनचा सारा थाट संसदेचा. अध्यक्ष, ग्रंथपाल, खजिनदार आणि चिटणीस दर सत्राला निवडून येतात. ठरावाची सुरुवात 'हे सभागृह' अशी होते. चर्चा संपली की सदस्य बाहेर पडतात. अनुकूल मताचे दाराच्या एका बाजूने, प्रतिकूल मताचे दुसऱ्या बाजूने. डोकी मोजली की निकाल. ग्लॅडस्टन येथे अध्यक्ष होते. १८३१ मध्ये संसदीय सुधारणांच्या विरोधात त्यांनी याच सभेत केलेले भाषण इतके गाजले की पुढच्याच वर्षी एका उमरावाच्या पाठबळाने ते खऱ्या संसदेत पोहोचले. तेव्हा या सभेला पोरखेळ मानणेही चूक.

पण तिचा निकाल कसा वाचायचा? महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत वाढलेल्यांना येथे एक फरक सांगावा लागतो. आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धेत एका महाविद्यालयाचा एक वक्ता अनुकूल बाजूने बोलतो, त्याचाच जोडीदार प्रतिकूल बाजूने. परीक्षक गुण देतात ते विचारांच्या मांडणीला, आवाजाला, वेळेच्या भानाला. फिरता करंडक कोणी नेला हे कळते. विषय 'मंजूर' झाला की नाही हे कोणी विचारतही नाही. त्यामुळे अमुक महाविद्यालयाचे मत अमुक आहे, अशी बातमी कधी होत नाही.

ऑक्सफर्डात मत ठरावावर पडते. मात्र ते कशासाठी पडले याची कोठेच नोंद नसते. कोणी विचार पटला म्हणून, कोणी भाषण आवडले म्हणून, कोणी वडीलधाऱ्यांची जिरवण्यासाठी, तर कोणी मित्र त्या दाराने निघाला म्हणून त्याच दाराने बाहेर पडतो. आकडा मात्र एकच छापून येतो. २७५ या आकड्यामागे किती शांततावादी, किती समाजवादी आणि किती नुसते खोडकर होते, हे कोणत्याही संग्रहालयातले कागद सांगू शकणार नाहीत.

आता ती रात्र. अध्यक्षस्थानी फ्रँक हार्डी. ठराव मांडला केनेल्म डिग्बी या विद्यार्थ्याने, त्याला उत्तर दिले स्टील-मेटलंड या विद्यार्थ्याने. विरोधी बाजूचे पाहुणे वक्ते होते क्विंटिन हॉग, युनियनचेच माजी अध्यक्ष. असल्या शांततावादानेच युद्धे ओढवतात, असा त्यांचा मुद्दा होता. ठरावाच्या बाजूने तत्त्वज्ञानाचे अभ्यासक सी. ई. एम. जोड बोलले आणि सभा त्यांनी जिंकली, यावर पुढच्या बहुतेक लेखकांचे एकमत आहे.

जोड यांचा युक्तिवाद असा : पूर्वीची मर्यादित युद्धे कदाचित समर्थनीय असतीलही, पण नव्या शस्त्रास्त्रांनी जो संहार होईल तो पाहता युद्ध हा पर्यायच उरलेला नाही. मग शत्रू ब्रिटनमध्ये उतरलाच तर? जोड यांचे उत्तर होते, गांधींच्या पद्धतीचा अहिंसक प्रतिकार.

हे वाक्य भारतीय वाचकाने जरा थांबून वाचावे. ऑक्सफर्डच्या त्या उबदार सभागृहात ब्रिटनच्या संरक्षणाचा मार्ग म्हणून गांधींचे नाव घेतले जात असताना खुद्द गांधी पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात होते, त्याच राजाचे कैदी म्हणून. दोनच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, 'हरिजन' साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्याहून निघाला. जोड यांच्या श्रोत्यांपैकी काहींनी गांधींना प्रत्यक्ष पाहिलेही असेल, कारण १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले असता ते ऑक्सफर्डला येऊन गेले होते. त्यांचे यजमान होते बॅलियल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मतदानानंतर काही दिवस विशेष काही झाले नाही. मग वृत्तपत्रांनी आग लावली. राजद्रोह, साम्यवाद्यांचे कारस्थान, नामर्दपणा अशी विशेषणे ओतली गेली. युनियनच्या पत्त्यावर एका पेटीतून २७५ पांढरी पिसे आली, अनुकूल मतदारांपैकी प्रत्येकासाठी एक. पहिल्या महायुद्धात गणवेश न चढवलेल्या तरुणाच्या हातात भर रस्त्यात पांढरे पीस ठेवले जाई. भित्रेपणाचा तो शिक्का होता. १७ फेब्रुवारीच्या भाषणात विन्स्टन चर्चिल यांनी ठरावाचा अत्यंत जळजळीत शब्दांत धिक्कार केला.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. १९२७ च्या मार्चमध्ये केंब्रिज युनियनने जवळपास याच आशयाचा ठराव मंजूर केला होता : चिरस्थायी शांतता हवी तर इंग्लंडच्या जनतेने कोणतीही तडजोड न करणारा शांततावाद स्वीकारला पाहिजे. २१३ विरुद्ध १३८ मते. त्यावर कोणाची झोप उडाली नाही, पिसांची पेटीही आली नाही.

फरक होता शब्दांचा. 'शांततावाद' हा शब्द तत्त्वचर्चेतला. 'राजा आणि देश' हे शब्द १९१४ च्या सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकांवरचे. ते वाचून गेलेल्यांपैकी एकट्या ऑक्सफर्ड विद्यापीठाचे सुमारे २७०० जण परत आले नाहीत. त्यांची नावे कॉलेजांच्या भिंतींवर कोरलेली आहेत. १९३३ चे विद्यार्थी त्या नावांखालून रोज ये-जा करीत वाढले होते. त्यांच्यापैकी अनेकांना ते शब्द फसवणुकीचे वाटत होते, तर मुलगा गमावलेल्या आईबापांना तेच शब्द पवित्र वाटत होते. ठराव लिहिणाऱ्याने नेमक्या त्या जखमेवर बोट ठेवले. वादळ त्या जखमेतून उठले, आणि जर्मनीचा संबंध लोकांनी पुढे मागे वळून पाहताना जोडला.

वादळ अंगावर घेणाऱ्यांनी काय केले? काही तरुण युनियनमध्ये घुसले आणि इतिवृत्ताच्या वहीतून त्या ठरावाची पाने फाडून घेऊन गेले. आपल्याला न आवडलेला निर्णय झालाच नव्हता असे करण्याचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत बालिश मार्ग.

त्याचीच सभ्य आवृत्ती विन्स्टन यांचे चिरंजीव रँडॉल्फ चर्चिल यांनी आणली. पदवी न घेताच ऑक्सफर्ड सोडलेले रँडॉल्फ युनियनचे सदस्य होते आणि त्या नात्याने त्यांनी मागणी केली की 'राजा आणि देश' हा ठराव संस्थेच्या दप्तरातून वगळावा. २ मार्च १९३३ ला चर्चा ठेवण्यात आली. सभागृह तुडुंब भरले. रँडॉल्फ बोलायला उभे राहिले ते हुर्यो आणि दुर्गंधी सोडणाऱ्या फुग्यांच्या माऱ्यात. मतदान झाले. ठराव वगळण्याच्या बाजूने १३८, विरोधात ७५०. रँडॉल्फ यांना पोलिसांच्या संरक्षणात मुक्कामी पोहोचवावे लागले.

आता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. ९ फेब्रुवारीला ठरावाच्या बाजूने होते २७५. २ मार्चला ठराव दप्तरात राहू द्यावा म्हणणारे निघाले ७५०. तीन आठवड्यांत ऑक्सफर्डमध्ये शांततावाद्यांचे पीक आले असे कोणी म्हणणार नाही. या ७५० मध्ये पहिल्या ठरावाशी असहमत असणारे, कदाचित तो मूर्खपणाचा वाटणारेही, मोठ्या संख्येने असलेच पाहिजेत. त्यांचे म्हणणे एवढेच : आमच्या सभागृहात जे झाले ते झाले, बाहेरच्या दबावाखाली आम्ही ते खोडणार नाही.

हुर्यो आणि दुर्गंधीच्या फुग्यांचे समर्थन कोणी करू नये. ज्या सभेचा धर्मच ऐकून घेण्याचा, तिला ते शोभले नाही. पण मतदानाचे मोल त्यामुळे घटत नाही. पहिला ठराव भविष्याविषयी होता, आणि भविष्याविषयी विशीतला तरुण काय ठरवणार? परिस्थिती बदलताच तो निर्णय फिरणारच होता. दुसरा निर्णय भूतकाळाच्या नोंदीविषयी होता. तो निर्णय घेणे त्यांच्या हातात होते आणि तो त्यांनी बरोबर घेतला.

उरला हिटलर. दंतकथेला मोठे बळ मिळाले ते १९४८ मध्ये, विन्स्टन चर्चिल यांच्या युद्धस्मृतींच्या पहिल्या खंडामुळे. ब्रिटन खचलेला, ऱ्हास पावलेला देश आहे ही कल्पना या ठरावाने जर्मनी, रशिया, इटली, जपान येथे रुजली, असे त्यांनी त्यात सुचवले. पुढे १९६५ मध्ये एका माजी जर्मन अधिकाऱ्याने वृत्तपत्राला पत्र लिहून, हिटलरवर या ठरावाचा फार मोठा परिणाम झाल्याची ग्वाही दिली. ग्वाही बत्तीस वर्षांनंतरची, तीही पराभूत सैन्यातल्या माणसाची. इतिहासकार मार्टिन सीडेल यांनी १९७९ मध्ये या प्रकरणाचा साद्यंत तपास प्रसिद्ध केला. हिटलरचे निर्णय या ठरावावरून ठरल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना आढळला नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे हे आहे. शिवाय फांदी आधीपासून कोणी पोखरली होती तेही पाहायला हवे. पुढील दहा वर्षांत मोठे युद्ध होणार नाही असे गृहीत धरून लष्करी खर्च ठरवायचा, हा ब्रिटिश सरकारचा नियम १९१९ पासूनचा. त्याची दहा वर्षे दररोज नव्याने सुरू होतात असे समजण्याची तरतूद १९२८ मध्ये झाली, आणि ती करून घेणारे अर्थमंत्री होते विन्स्टन चर्चिल. हा नियम १९३२ मध्ये सोडून देण्यात आला. जर्मन हेरखात्याला ब्रिटनच्या तयारीचा अंदाज घ्यायचाच असता, तर विद्यार्थ्यांच्या टाळ्यांपेक्षा अर्थसंकल्प वाचणे अधिक सोपे होते.

आणि व्यक्तींचे काय झाले? १९३३ मध्ये 'लढू' म्हणणारे क्विंटिन हॉग १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले ते म्युनिक कराराचे, म्हणजे हिटलरशी केलेल्या समझोत्याचे, समर्थक म्हणून. समझोत्याच्या विरोधात उभे होते गांधींचे यजमान लिंडसे. हॉग जिंकले. याउलट १९३३ च्याच शरदात युनियनचे अध्यक्ष झालेले डाव्या विचारांचे मायकेल फूट १९४० मध्ये 'गिल्टी मेन' या पुस्तकाचे एक लेखक होते ; हिटलरपुढे नमते घेणाऱ्या नेत्यांवरचे ते सर्वांत धारदार आरोपपत्र मानले जाते. हॉग भित्रे होते असा याचा अर्थ नाही. युद्ध सुरू झाल्यावर ते सैन्यात गेले आणि जखमीही झाले. अर्थ इतकाच की १९३३ च्या बाजूवरून १९३८ ची बाजू ओळखता येत नाही.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये ऑक्सफर्डला सैन्यभरतीचे मंडळ बसले तेव्हा सुमारे ३००० पात्र विद्यार्थ्यांपैकी २६३२ जणांनी नाव नोंदवले. दंतकथा खोडण्यासाठी हा आकडा नेहमी पुढे केला जातो. तो खरा आहे, पण जपून वापरावा. १९३९ चे विद्यार्थी म्हणजे १९३३ चे मतदार नव्हेत. मधल्या सहा वर्षांत वर्गच्या वर्ग बदलले होते. एका गैरसमजाला उत्तर म्हणून दुसरा सोयीस्कर समज उभा करणे हा इतिहास नव्हे.

येथवर युनियनची बाजू घेतली. आता तिच्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू, जी इंग्लंडमधल्या पुस्तकांत सहसा या प्रकरणाशेजारी ठेवली जात नाही.

त्याच १९३३ च्या जानेवारीत मेरठ कटाच्या खटल्याचा निकाल लागला होता. मार्च १९२९ मध्ये पकडलेले कामगार पुढारी जवळजवळ चार वर्षे खटला भोगत होते. आरोप होता सम्राटाचे हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट केल्याचा. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत काम करणारे श्रीपाद अमृत डांगे, तसेच घाटे, जोगळेकर आणि निंबकर यांना प्रत्येकी बारा वर्षांची शिक्षा झाली. त्याच ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपिलात शिक्षा बऱ्याच कमी केल्या, पण चार वर्षे तर गेलीच होती.

राजा एकच होता. त्याच्यासाठी कधीही लढणार नाही असे ऑक्सफर्डात उघड ठरावाने सांगणाऱ्या २७५ जणांपैकी एकालाही अटक झाली नाही. ही गोष्ट चांगलीच झाली, यात शंका नाही. पण हे स्वातंत्र्य त्यांना कशामुळे मिळाले? उदारमतवादाची परंपरा हे उत्तराचे अर्धे अंग. दुसरे अर्धे असे की ही मुले उद्याचे मंत्री, न्यायाधीश, सनदी अधिकारी होती. घरच्या मुलांचा व्रात्यपणा म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले. गिरणगावातल्या सभेत तेच वाक्य उच्चारले असते तर ते कलमात बसले असते.

आणि त्या रात्रीच्या ४२८ मतांत स्त्रीचे एकही मत नव्हते. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या १९२० पासून दिल्या, पण युनियनचे सदस्यत्व त्यांना १९६३ मध्ये मिळाले. ज्या युद्धाची चर्चा चालली होती त्याचे बॉम्ब सदस्य आणि बिगरसदस्य असा भेद करणार नव्हते.

हे सारे खरे असले तरी या सभागृहाची दारे अगदीच बंद नव्हती. मायकेल फूट यांच्यानंतर, १९३४ च्या आरंभी, अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले मुंबईचे पारशी तरुण दोसू फरामजी काराका. युनियनचे ते पहिले भारतीय अध्यक्ष. इंग्लंडमधल्या वर्णभेदाविषयी त्यांनी तेव्हाच लिहिले. पुढे युद्धवार्ताहर झाले आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत 'करंट' हे इंग्रजी साप्ताहिक चालवून त्यांनी अनेकांची मने दुखावली. जन्म माथेरानचा असलेले गिरीश कार्नाड १९६० च्या दशकात याच खुर्चीवर बसले.

९ फेब्रुवारी १९८३ ला, बरोबर पन्नास वर्षांनी, युनियनने तोच ठराव पुन्हा चर्चेला घेतला. या वेळी तो ४१६ विरुद्ध १८७ मतांनी फेटाळला गेला. कोणत्याही हुकूमशहाने त्याची दखल घेतल्याचे ऐकिवात नाही.

आजच्या वाचकाला युनियन ठाऊक असते ती बहुधा २०१५ च्या मे महिन्यातल्या शशी थरूर यांच्या भाषणामुळे. ब्रिटनने वसाहतींना नुकसानभरपाई द्यावी, हा ठराव त्या रात्री १८५ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाला आणि भाषणाची चित्रफीत घरोघर पोहोचली. त्या चित्रफितीत न दिसणारी गोष्ट अशी की त्याच संध्याकाळी युनियनच्या मद्यगृहात 'वसाहतीचे पुनरागमन' अशा अर्थाच्या नावाचे एक पेय विकायला होते आणि त्याच्या जाहिरातीवर साखळदंडातल्या काळ्या हातांचे चित्र होते. गदारोळ झाला. या वेळी कोणी पाने फाडली नाहीत. ही संस्था संस्था म्हणूनच वंशभेदी आहे, असा ठराव युनियनच्या समितीने काही दिवसांत मंजूर केला आणि तो आपल्याच दप्तरी नोंदवला.